पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं? थ्रिलर अन् आजच्या कादंबऱ्या निवडायची आपली नागपुरी पद्धत

मागे एकदा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. मला वाटलं गाडी पंक्चर झाली असेल कुठेतरी. तर म्हणे, "मामा, संपलं ते पुस्तक. आता काय वाचू?" पोट्टं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, जन्मात अभ्यासाबाहेरचं पुस्तक हातात धरलेलं नाही, माझ्या कपाटातून एक जाडजूड थ्रिलर उचलून घेऊन गेला अन् दोन रात्रीत फडशा पाडला. मी आनंदाच्या भरात फोनवरच आठ नावं सांगून टाकली. त्यातलं त्यानं एक घेतलं, चाळीस पानं वाचली, ठेवून दिलं अन् पुन्हा मोबाईल हातात घेतला तो घेतलाच. चूक त्याची नव्हती, माझी होती.

मी स्वतः याच खड्ड्यात पडलेलो आहे. मधली आठ-दहा वर्षं नोकरी-संसारात वाचन सुटलं होतं, मग एक पुस्तक भयंकर आवडलं, त्या जोशात प्रदर्शनातून एकदम सहा उचलली, सगळ्यांवर 'आंतरराष्ट्रीय बेस्टसेलर' असं गोल सोनेरी लिहिलेलं. त्यातली चार अजून प्लास्टिकमधून निघाली नाहीत. पहिलं पुस्तक कसंही मिळते हो, कोणी देते, ट्रेनमध्ये सापडते, सिनेमा पाहून आणतो. माणूस सुटतो तो दुसऱ्या पुस्तकाला. म्हणून हे लिहून काढलं. मी काही समीक्षक-बिमीक्षक नाही, हिंगण्याकडे अकाउंट्सचं काम करतो अन् मेट्रोत वाचतो.

काय काय लागते

एक साधी वही, पोरांची अर्धी राहिलेली चालते. पेन्सिल, पण वहीत लिहायला, पुस्तकात नाही (याच्यावर पुढे बोलतो). वाचनालयाचं कार्ड, त्याची कागदपत्रं सातव्या पायरीत सांगितली आहेत. फोनमध्ये पुस्तकाचं सॅम्पल वाचता येईल असं एखादं अ‍ॅप. अन् घरात नवीन पुस्तक दिसलं की "अजून एक?" असं न विचारणारं माणूस. हे शेवटचं नाही मिळालं तरी काम चालते, मलाही मिळालेलं नाही.

१. आधी मागचं पुस्तक पुन्हा काढा

सगळे काय करतात, 'टॉप टेन थ्रिलर' सर्च करतात. तिथे तीच दहा नावं फिरून राहिली आहेत कित्येक वर्षांपासून. ते सोडा अन् जे आवडलं तेच पुस्तक पुन्हा हातात घ्या. तुमचं स्टेशन कुठे चुकलं ते शोधा.

स्टेशन चुकणं म्हणजे खरोखरचं. मी संध्याकाळी लोकमान्य नगरहून अ‍ॅक्वा लाईन पकडतो, उतरायचं असते आंबेडकर चौकात. एकदा असा गुंगलो की थेट प्रजापती नगर आलं, शेवटचं स्टेशन, सगळे उतरून गेले, गार्ड येऊन म्हणतो साहेब गाडी इथंच थांबते. घरी येऊन मी ते पान पाहिलं. त्यात ना खून होता ना पाठलाग, दोन माणसं जुन्या हिशेबाच्या वह्या तपासत होती अन् एक आकडा जुळत नव्हता. तेव्हा मला माझ्याबद्दल कळलं की बंदुकांपेक्षा कागदपत्रांतला घोळ मला जास्त खेचतो. आपला धंदाच तो, काय करणार.

भाच्याला पण मग हेच विचारलं. झोप कुठे उडाली सांग. तो म्हणे, "तो माणूस खोटा पासपोर्ट बनवते ना, मेलेल्या पोराच्या नावानं, ते सगळं एकेक स्टेप, ते." त्यानं वाचलं होतं फ्रेडरिक फोर्साइथचं 'द डे ऑफ द जॅकल', १९७१ चं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायचा कट. आता गंमत बघा, द गॉल १९७० मध्ये घरी नैसर्गिक मृत्यूनं गेले, म्हणजे पुस्तक आलं तेव्हाच वाचणाऱ्याला माहीत होतं की हा कट फसणार आहे. तरी लोक श्वास रोखून वाचतात, कारण मजा 'होते का नाही' याच्यात नाहीच, मजा आहे तो माणूस तयारी कशी करतो याच्यात. अन् मी त्याला दिलं काय? वाड्यात दहा पाहुणे, एक मेला, कोणी मारला. पोट्ट्याला कोणी मारला याच्याशी काही घेणंदेणंच नव्हतं!

तर वहीत तीन ओळी लिहा. झोप कुठे उडाली, कंटाळा कुठे आला, अन् महिन्यानं आज काय आठवून राहिलं आहे. तिसरी सगळ्यात खरी असते.

२. सस्पेन्सची जात ओळखा

थ्रिलर हा शब्द आपण किराणा म्हटल्यासारखा वापरतो. किराण्यात साबणही येतो अन् शेंगदाणेही. मी माझ्यापुरते चार डबे केले आहेत.

पहिला डबा 'कोणी केलं'. प्रेत सापडते, संशयित ठरलेले, शेवटी एक जण धरला जातो. अगाथा ख्रिस्ती इथली राणी. पहिल्यांदा वाचणार असाल तर 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या, १९२६ चं आहे, अन् हात जोडून सांगतो त्याच्याबद्दल नेटवर एक अक्षर शोधू नका, कोणाला विचारूही नका. या डब्यातली पुस्तकं हळू चालतात, सगळ्यांचे जबाब होतात, चहा होतो, पुन्हा जबाब होतात. ज्याला शब्दकोडं सोडवायला आवडते त्याच्यासाठी. घाई असलेल्या माणसानं इकडे येऊ नये.

दुसरा 'कसं केलं, अन् सुटणार कसं'. इथे गुन्हेगार आधीच माहीत असतो. जपानी लेखक केइगो हिगाशिनो याचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या, मूळ जपानीत २००५ चं. सुरुवातीलाच खून होतो, कोणी केला तेही आपल्यासमोर, मग शेजारचा गणिताचा मास्तर त्या बाईला वाचवायला अशी काही मांडणी करतो की पोलीसही चक्रावतात अन् आपणही. याच्यावरून २०२३ मध्ये हिंदीत 'जाने जान' आला होता. तो पाहिला असेल तर पुस्तकाची अर्धी मजा गेली, पण अर्धी अजून शिल्लक आहे.

तिसरा 'का केलं'. घरातल्या घरातली भानगड. नवरा-बायको, एकमेकांना ओळखतो असं वाटणारी माणसं. गिलियन फ्लिनचं 'गॉन गर्ल' २०१२ मध्ये आलं अन् त्याच्यानंतर जो पूर आला बाप्पा, ज्याच्या-त्याच्या नावात 'गर्ल'. त्यातली काही चांगली आहेत, पण कव्हरवर पाठमोरी बाई अन् नावात 'गर्ल' एवढ्या भांडवलावर पुस्तक घेऊ नका. मी घेतली आहेत. दोन.

चौथा डबा 'आता काय होणार'. घड्याळ चालू आहे, माणूस पळतो आहे, कोणीतरी मागे आहे. ली चाइल्डचा जॅक रीचर, डॅन ब्राउन, कोर्टातलं आवडत असेल तर जॉन ग्रिशम, हे सगळे इथले. नागपूर-पुणे रात्रीच्या बससाठी बेस्ट, कारण मेंदूवर ताण नाही, झोप लागली अन् दोन पानं सुटली तरी काही बिघडत नाही. पण एका पाठोपाठ तीन वाचू नका, तिसऱ्याला सगळं एकाच चवीचं लागते, लग्नसराईत रोज पंगतीत बसल्यासारखं.

अन् भुताटकीचा डबा वेगळा ठेवा. आपल्याकडे नारायण धारप आहेतच. त्यांच्याबाबत एक गोष्ट माहीत असू द्या, त्यांची काही पुस्तकं इंग्रजीवर बेतलेली आहेत, जसं 'लुचाई' हे स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून. म्हणून एक वाचून लगेच दुसरं घेतलं तर तुम्ही म्हणाल हे तर वाचलेलं आहे. वाईट काही नाही त्यात, मला तर 'लुचाई'च जास्त भीती घालते, कारण भूत मराठीत बोललं की ते आपल्याच वाड्यातलं वाटते.

मराठीत 'सुशि' म्हणजे सुहास शिरवळकर यांच्याबाबतीत लोकांचा उलटा घोळ होतो. २०१३ ला 'दुनियादारी' सिनेमा आला, पोरं धावत सुशि आणायला गेली अन् त्यांना वाटलं सगळीच कॉलेज, कट्टा, दोस्ती असणार. अरे, त्यांच्या पुस्तकांचा मोठा भाग रहस्यकथांचा आहे, बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद हे त्यातले नायक. अमर विश्वास कोर्टात उभा राहिला की मजा येते. त्यांच्याही मागे जायचं तर बाबूराव अर्नाळकर, झुंजार अन् काळा पहाड हे त्यांचे नायक, त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण खरं सांगतो, आज पहिल्यांदाच वाचणाऱ्याला ते जुने वाटतील. आजोबांच्या आठवणीसाठी वाचायचे असतील तर जरूर.

३. भाषा कोणती, अन् अनुवाद असेल तर ही परीक्षा घ्या

नागपुरात राहून आपल्याला तीन भाषा फुकटात मिळाल्या आहेत, त्या वापरा. इंग्रजी जड जात असेल तर लाज वाटायचं काहून? भाषा जड गेली की थ्रिलर मरतोच, डिक्शनरी बघत बघत कोणी पाठलाग करत नाही. हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक आहेत, त्यांचं विमल सिरीजमधलं 'पैंसठ लाख की डकैती' १९७७ चं आहे, अन् चोरीचा प्लॅन आवडणाऱ्यानं ते सोडूच नये. हिंदी पॉकेट बुकला नाक मुरडणारे लोक आपल्या घरात आहेत, माझा मोठा भाऊ त्यातला एक. नंतर तोच रात्री लपून वाचताना सापडला.

मराठी अनुवाद घ्यायचा असेल तर दुकानात उभ्या उभ्या एक काम करा. पहिलं पान वाचू नका, पहिलं पान सगळेच नीट करतात. मधलं एखादं पान उघडा जिथे दोन माणसं बोलून राहिली आहेत. ते मोठ्यानं नाही पण ओठ हलवून वाचा. मी एकदा एका अनुवादात वाचलं, "त्याने आपले खांदे उडवले आणि म्हणाला, ओह, चल ना, तू गंभीर असू शकत नाहीस!" असं कोण बोलते हो? आपल्याकडे त्याला "काय मजाक करून राहिला का बे" म्हणतील. पुस्तक तिथंच ठेवलं. दुसरं बघायचं, हवालदार साहेबाला 'तू' म्हणतो का 'तुम्ही'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून कोणाच्या तोंडी काय द्यायचं हे अनुवादकाला ठरवावं लागते. ज्यानं तिथे डोकं लावलं त्यानं बाकीही लावलं असते, हा माझा अनुभव.

अन् आतल्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचा. 'अनुवाद', 'स्वैर अनुवाद', 'रूपांतर', 'संक्षिप्त', 'आधारित' या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. संक्षिप्तमध्ये रहस्यकथेचे धागेच कापले जातात कधीकधी, मग शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटते.

सापळा: एकाच पुस्तकाची दोन नावं. ख्रिस्तीचं 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' १९३४ मध्ये अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' नावानं निघालं होतं. जुन्या पुस्तकांत अशी दुसऱ्या नावाची प्रत नवीन समजून घेतली जाते अन् पाच पानांत कळते की अरे, हा तर तोच डबा, तीच गाडी.

४. आजच्या कादंबरीकडे वळताना प्रश्न बदला

इथे बरेच जण फसतात. थ्रिलर वाचून आलेला माणूस कादंबरीलाही तोच प्रश्न विचारतो, पुढे काय होणार? अन् शंभर पानं झाली तरी काही 'होत' नाही म्हणून ठेवून देतो. कादंबरीला विचारायचं, हा माणूस कोण आहे, अन् याच्यासोबत चारशे पानं राहवेल का आपल्याला. शेजारी नवीन बिऱ्हाड आल्यासारखं. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे काही घडत नाही, पण आवाजावरून कळतेच की जमणार का नाही.

मधला पूल म्हणून मी चार-पाच पुस्तकं सांगतो, थ्रिलरवाल्या लोकांना चालून गेलेली.

नंदा खरे यांचं 'उद्या', २०१४ चं. उद्याचं जग, कंपन्या, माणसावर ठेवलेली नजर, असं सगळं. खरे यांचा जन्म नागपूरचा, पेशानं इंजिनिअर, अन् याच पुस्तकाला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यांनी घेतला नाही. पुस्तक सोपं नाही, पण भीती वाटते, अन् ती भुतापेक्षा जास्त दिवस टिकते.

कविता महाजन यांचं 'ब्र', २००५. प्रफुल्ला नावाची बाई संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात महिला सरपंचांना भेटत फिरते. खून शोधत नाही कोणी, पण मला ती चौकशीसारखीच वाटली, प्रत्येक गावात गेलं की आणखी एक गोष्ट उलगडते. दोन दिवसात संपवलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत.

सचिन कुंडलकर यांचं 'कोबाल्ट ब्लू', २००६. बारीक पुस्तक, एक भाऊ अन् एक बहीण दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात. अर्धी गोष्ट तो सांगतो, अर्धी ती. 'गॉन गर्ल' आवडलेल्याला ही दोन बाजूंची मांडणी लगेच पकडते. लहान आहे, अडलं तरी नुकसान नाही.

प्रणव सखदेव यांचं 'काळेकरडे स्ट्रोक्स', कॉलेजातलं पोरगं, मुंबईकडचं, युवा साहित्य अकादमी मिळालेलं. भाच्याच्या वयाच्या पोरांना द्या.

अन् सदानंद देशमुख यांचं 'बारोमास', २००२. हे मात्र पूल म्हणून नाही, हे वाचायचं तेव्हा सवड काढून वाचा. शिकलेला, नोकरी न लागलेला एकनाथ, शेती, घर, कर्ज. माझ्या पुण्याच्या एका दोस्ताला त्यातली वऱ्हाडी जड गेली, म्हणे दहा पानं वाचायला अर्धा तास लागते. आपल्याला कानात ऐकू येते ती. माझ्या आईला मी यातली काही पानं वाचून दाखवली, तिचं माहेर अकोल्याकडचं, ती मधेच उठून स्वयंपाकघरात गेली अन् बराच वेळ आलीच नाही. मी पुढचं मनात वाचलं.

अवॉर्ड बघून घ्यायचं का? अवॉर्डवालं पुस्तक बहुतेक वेळा चांगलं असते, पण ते 'आत्ता तुमच्यासाठी' चांगलं आहे का हे अवॉर्डला माहीत नसते.

५. सिरीज आहे का ते आधी बघा

दोन मिनिटांचं काम, पण न केल्याचा पस्तावा फार. स्टीग लार्सनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'पासूनची तीन पुस्तकं घ्या, लेखक २००४ मध्येच वारला अन् पहिलं पुस्तक आलं २००५ ला. पहिलं एकटं वाचलं तरी चालते, पण दुसरं हातात घेणार असाल तर तिसरं घरात आणून ठेवा, कारण दुसरं जिथे संपते तिथून तिसरं सुरू होते. हे मी रविवारी रात्री दोन वाजता शिकलो. (ड्रॅगन टॅटू मी मे महिन्यात वाचलं. बाहेर पंचेचाळीस, आत कूलरसमोर मी अन् पुस्तकात स्वीडनचा बर्फ. मजा आली, पण कूलरच्या ओल्या हवेनं पानं पापडासारखी वाकली. कूलरच्या थेट समोर बसू नका.)

जॅक रीचर मात्र कुठूनही उचला, पहिलं १९९७ चं 'किलिंग फ्लोअर' आहे पण क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही. अमीश यांची शिवाची तीन पुस्तकं क्रमानंच, दुसरं आधी घ्याल तर काही कळणार नाही.

६. पैसे देण्याआधी पाच मिनिटं

जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून घेताना ही पायरी गाळू नका. मी सीताबर्डीवर रस्त्यावरून एक थ्रिलर घेतला होता, नवाकोरा, छापील किमतीच्या चौथाईत. अक्षरं जराशी पुसट, कव्हरचा रंग फिका, मला समजायला पाहिजे होतं. वाचता वाचता पान ३५२ आलं अन् त्याच्यापुढे थेट ३६९. सोळा पानं गायब. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापतात, तो एक फर्मा बाइंडिंगवाल्यानं घातलाच नाही. अन् कोणते सोळा? ज्यात पोलीस दार तोडून आत जातात ते! ३६९ वर सगळे हॉस्पिटलमध्ये. भैताडासारखा मी दोनदा मागेपुढे करून पाहिलं. पायरेटेड कॉपी होती. लेखकाचा पैसा बुडवला अन् वरून माझाही बुडाला, तक्रार कोणाकडे करणार.

तर असं करा. पुस्तक सोळाच्या हिशेबानं उघडत जा, म्हणजे सतरा, तेहतीस, एकोणपन्नास, असं मोजायचा कंटाळा असेल तर अंगठ्यानं भरभर चाळून पानांचे आकडे तुटत नाहीत ना तेवढं बघा. शेवटचं पान आहे का बघा, पण वाचू नका, तळहातानं झाका अन् फक्त आकडा बघा. बाइंडिंग ताणून बघा.

मागचं कव्हर अर्धंच वाचा. पहिला परिच्छेद गोष्ट काय ते सांगतो, दुसऱ्यात प्रकाशकाला राहवत नाही अन् तो दोनशेव्या पानावरचंही सांगून टाकतो. प्रस्तावना तर शेवटी वाचायची असते हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर तीन रहस्यं आधीच फुटली नसती.

अन् वाचनालयाच्या पुस्तकाची आणखी एक गंमत. एका जुन्या मराठी रहस्यकादंबरीत बाराव्या पानावर, जिथे डॉक्टर पहिल्यांदा खोलीत येतो, तिथे समासात कोणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, "हाच खुनी." बाण काढून. माझं जे डोकं फिरलं! पुस्तक तसंच परत केलं. काउंटरवरच्या काकांना दाखवलं तर ते चष्मा वर करून म्हणाले, "तुम्ही पहिले नाही हो, चौथे आहात परत आणणारे."

७. नागपुरात कुठून आणायचं, अन् कागदपत्रं

पहिल्यांदा वाचनालय, विकत घेणं नंतर. कारण साधं आहे, फुकटाजवळचं पुस्तक आवडलं नाही तर परत करताना जीव जळत नाही, म्हणून माणूस नवीन लेखक घेऊन बघतो. मेंबर व्हायला साधारण एवढं लागते: आधार कार्डाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा (भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार किंवा लाइट बिल, ओरिजिनल सोबत ठेवा), अनामत रक्कम अन् महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी. अनामतीची पावती जपून ठेवा, ती हरवली की पैसे परत मिळवणं म्हणजे वेगळीच रहस्यकथा. जायच्या आधी सुटीचा वार अन् दुपारची बंद असायची वेळ फोनवर विचारून घ्या, मी उन्हातून दोनदा कुलूप बघून आलो आहे.

जाल तेव्हा कपाटं बघायच्या आधी 'आज परत आलेली' पुस्तकं ठेवतात तो टेबल बघा. लोक खरोखर काय वाचून राहिले ते तिथे दिसते. अन् पुस्तकाच्या मागे तारखांचे शिक्के असतील तर ते बघा. परत यायची तारीख लवकर लवकर पडलेली असेल तर समजा की पुस्तक घरात पडून राहत नाही. कोणत्याही स्टार रेटिंगपेक्षा मला हे शिक्के खरे वाटतात.

मराठी कादंबऱ्यांसाठी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ ची संस्था, मेट्रो स्टेशन जवळच. तिथल्या कार्यक्रमाला एकदा जाऊन बसा, भाषण कंटाळवाणं निघालं तरी बाजूला बसलेल्या काका-काकूंशी बोला, एक-दोन नावं तरी खिशात घेऊन निघाल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीजवळ जे पुस्तकांचे स्टॉल लागतात ते एकदा तरी बघाच, बाबासाहेबांचं साहित्य तर आहेच, आत्मकथनं, कादंबऱ्या, सगळं स्वस्तात अन् गर्दी अशी की पुस्तक चाळायला कोपर टेकवायला जागा नाही. पिशवी घरून न्या.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी, विकत घ्यायच्या आधी सॅम्पल उतरवा, सुरुवातीचा भाग फुकट मिळते. ऑडिओबुकही आहेत मराठीत बरीच, पण थ्रिलर ऐकताना निवेदकाचा आवाज आधी ऐकून घ्या. बारा तास त्या माणसासोबत काढायचे आहेत. 'कोणी केलं' वाला डबा ऐकू नका, गाडी चालवताना एक नाव सुटलं की संपलं. टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ नको. माझं सोळा पानांचं आत्ताच सांगितलं.

८. पन्नास पानं द्या, मग सोडा

थ्रिलरला पन्नास, कादंबरीला ऐंशी. तेवढ्यात जमलं नाही तर बिनधास्त ठेवून द्या. ताटातलं टाकू नये हे जेवणाला लागू आहे, पुस्तकाला नाही. पण सोडताना वहीत एक ओळ लिहा, का सोडलं. पुस्तक वाईट म्हणून का तुमचा मूड नव्हता म्हणून. दुसरं असेल तर ते पुढच्या वर्षी पुन्हा आणा. मी 'उद्या' पहिल्यांदा साठाव्या पानावर सोडलं होतं.

९. रांगेत तीनच ठेवा

एक वाचायला घेतलेलं, एक उशाशी, एक वाचनालयात सांगून ठेवलेलं. तीन वेगवेगळ्या डब्यातले. याच्यापेक्षा जास्त नावं जमवली की ती यादीच वाचायचा नाद लागते, पुस्तक राहून जाते.

भाच्याची रांग मग अशी लावली: आधी 'सस्पेक्ट एक्स', कारण त्याला 'कसं' आवडते अन् गणिताचा मास्तर त्याच्या कामाचा. मग 'पैंसठ लाख की डकैती', हिंदी आहे, तिजोरी आहे. तिसरं 'कोबाल्ट ब्लू'. पहिली दोन झाली. तिसऱ्याचं विचारलं तर म्हणे, "चालू आहे मामा, हळूहळू वाचून राहिलो." हळूहळू म्हणाला हे ऐकून मला बरं वाटलं.

अन् ती डॉक्टरवाली कादंबरी. तिचा काटा माझ्या मनातून जाईना. शेवटी एका शनिवारी जाऊन काकांकडून पुन्हा मागून आणली, म्हटलं खुनी माहीत आहे तर आहे, आपण 'कसं'वाल्या डब्यातली समजून वाचू. दीडशे पानं मी त्या डॉक्टरवर नजर ठेवून होतो, त्यानं इंजेक्शन काढलं की मी सावध, त्यानं चहा मागितला की मी सावध. डॉक्टर एकशे एकसष्टाव्या पानावर मेला. खुनी दुसराच होता. ज्यानं पेन्सिल चालवली त्यानं पुस्तक पूर्ण वाचलंच नव्हतं. मी खोडरबर घेऊन बसलो होतो, पण नाही खोडलं. तो बाण तसाच ठेवून पुस्तक परत केलं अन् काकांनाही काही सांगितलं नाही.